काळ्या मातीत मेटल: झड, पांदण आणि एक गोठा

धुऱ्यावरचा (3 ऑगस्ट)

राम राम मंडळी. आठ दिवस झाले, पायाच्या नखांतली काळी माती अजून निघाली नाही. ती निघायच्या आत लिहून टाकतो.

आम्ही पाच मित्रांनी आर्वी तालुक्यातल्या एका वावरात, भर जुलैत, एक दिवसाचा हेवी मेटलचा कार्यक्रम केला. चार बँड. दोन नागपूरचे, एक अमरावतीचा, एक थेट पुण्याहून. कार्यक्रमाला नाव दिलं नव्हतं, कारण नाव आलं की पोस्टर येतं आणि पोस्टर आलं की ज्यांना बोलावलं नाही ते येतात. ओळखीपाळखीतून दीडशे येतील असा अंदाज होता, आले एकशेवीसेक.

हे का करावंसं वाटलं? 2007 मध्ये आयर्न मेडन हा बँड बंगळुरूला आला तेव्हा मी नववीत होतो, घरी विचारायचीही हिंमत झाली नाही. 2011 ला मेटालिकाच्या वेळी मात्र नागपूरहून रेल्वेत उभा राहून गेलो. तेव्हापासून डोक्यात होतं की दर वेळी आपणच का जायचं, एकदा हे आपल्याकडे आलं पाहिजे.

आता सगळे विचारतात तो प्रश्न. जुलै का? मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 च्या वर, ढोरंसुद्धा झाडाखालून हलत नाहीत. दिवाळीनंतर वावरात कापूस, तूर, हरभरा, आणि मंडपवाले लग्नांत अडकलेले. आषाढी झाली की लग्नं बंद, गणपती महिनाभर लांब. त्या मधल्या दिवसांत साउंडवाला, जनरेटरवाला, मंडपवाला तिघंही रिकामे बसलेले असतात आणि निम्म्या भावात येतात. हिशेब पक्का होता. ते निम्म्या भावात का येतात, हे तेवढं स्वतःला विचारायचं राहिलं.

वावर मामेभावाचं. तीन एकर, यंदा खरिपाला पडीत. का पडीत ते घरगुती आहे. ग्रामपंचायतीचं पत्र घेतलं, पोलीस पाटलांना भेटलो, रात्री दहाच्या आत सगळं बंद असं लिहून दिलं. शुक्रवारी संध्याकाळी आभाळ भरून आलं आणि रात्री झड लागली. आमच्याकडची झड म्हणजे धो-धो नाही, पण थांबतही नाही.

शनिवारी सकाळी दहाला साउंडचा टेम्पो पांदणीत शिरला आणि वावर सहाशे मीटरवर असतानाच बसला. म्हैस डबक्यात बसते तसा, पुन्हा उठायचा काही विचार नाही असा. त्याला ओढायला ट्रॅक्टर आणला, ट्रॅक्टर त्याच्या पुढ्यात बसला. साउंडवाला म्हणे गाडीचं भाडं वेगळं लागेल, आणि पाण्यात मी सामान उतरवणारच नाही. बोलाचाली झाली. त्याचं नाव लिहीत नाही, त्याच्या जागी मीही तेच म्हटलं असतं.

हे सगळं शेजारच्या धुऱ्यावरचे एक काका बघत होते. साठी कधीच पार झालेली, डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ. काही न बोलता गेले आणि अर्ध्या तासानं बंडी जुंपून आले. चार खेपा झाल्या. पहिल्या खेपेत अ‍ॅम्प, वर ताडपत्री, आणि त्या ताडपत्रीवर पुण्याचा गिटारवाला पालथा पडलेला, कारण खालचं मार्शलचं स्पीकर-कॅबिनेट त्यानं कर्ज काढून घेतलं आहे. ट्रॅक्टर जिथं बसला त्याच्याच बाजूनं बैल आरामात गेले. काका म्हणाले, "चाक मातीले भेते, खूर नाही भेत."

मंडपाचे खांब रोवायला केलेल्या खड्ड्यांत तोवर गुडघाभर पाणी. मग निर्णय झाला की गोठ्यात करायचं. टिनाचं शेड, खाली सिमेंटचा ओटा, तीन बाजूंनी उघडं. गाई शेजारी हलवल्या, शेण काढलं, ओटा धुतला, आणि दुपारी तीनला पहिला बँड ओट्यावर उभा राहिला. ऐकणारे बाहेर वावरात, पावसात.

त्याच आठवड्यात, 22 जुलै 2025 ला, ब्लॅक सॅबथचा गायक ऑझी ऑस्बॉर्न गेला होता. सगळ्यांच्या मनात तेच. ब्लॅक सॅबथच्या 1970 सालच्या पहिल्या रेकॉर्डची सुरुवातच पावसाच्या आवाजानं आणि लांबून येणाऱ्या घंटेनं होते, हे इथल्या मेटलवाल्यांना सांगायला नको. अमरावतीच्या पोरांनी तो आवाज लॅपटॉपवर तयार ठेवला होता. लॅपटॉप काढायची वेळच आली नाही. टिनावर पाऊस होता, आणि ड्रमवाल्यानं दावणीला लटकलेली बैलाची घाटी काढून वाजवली. तीन-चार वेळा, सावकाश. मी तिथं होतो म्हणून सांगतो, बंगळुरूला पण असा काटा आला नव्हता.

बाकी नंतर टंकतो, लाइट गेली.

अवलिया_अकोलेकर

पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. ताडपत्रीवर पालथा पडलेला गिटारवाला डोळ्यासमोर आला, हसून हसून पुरेवाट.

वऱ्हाडी_ठेचा

अबे भाऊ, कायले येवढा कुटाणा केला? झडीत मी वावरात जातो म्हणलं त माहा बाप म्हणते, वाफसा होऊ दे, पाय नको टाकू. आन् तुम्ही सव्वाशे जन घेऊन नाचून राह्यले! पाय कोणाचे उपटले का नाही?

खायाले काय होतं ते सांग पह्यले. बाकीचं मंग.

धुऱ्यावरचा

@वऱ्हाडी_ठेचा, दुखती नस. बेत वांग्याची भाजी आणि रोडग्यांचा होता. रोडग्यांना गोवऱ्या लागतात, गोवऱ्या ज्या कोपऱ्यात ठेवल्या तिथं टिन गळत होतं. शेवटी गॅसवर मोठ्या गंजात खिचडी आणि सोबत ठेचा. पुण्याच्या बँडला वाटलं विदर्भात पाहुण्याला हेच देतात. मी गैरसमज दूर केला नाही.

पाय उपटायचं म्हणशील तर, मेटलच्या कार्यक्रमात समोर जे गोल रिंगण होतं, लोक एकमेकांना धडका देत पळतात, ते या मातीत होतच नाही. पहिल्या गाण्याला सगळे जोशात धावले. तिसऱ्या पावलाला बूट खाली आणि पाय वर. दहा मिनिटांत चाळीसेक माणसं मोजून पाऊल टाकायला लागली, डवरा धरल्यासारखी. वरती ड्रम मशीनगनसारखा सुटलेला आणि खाली सगळे स्लो मोशनमध्ये. कोणी पडला की चार हात लगेच उचलायला, तो नियम मात्र जगभर आहे तसाच इथंही. माझा एक बूट तिथंच राहिला. हात कोपरापर्यंत घालून शोधला, सापडला नाही.

काळी_मांजर (4 ऑगस्ट)

त्या एकशेवीसांतली मी एक. पुण्याच्या बँडबरोबर आले होते. धागाकर्त्यांनी घाटीची गोष्ट छान लिहिली आहे, पण जे लिहिलं नाही ते मी लिहिते.

आम्ही अकरा मुली होतो आणि वावरात बाथरूम नव्हतं. "गावातल्या शाळेची किल्ली घेऊन ठेवली आहे" असं सांगण्यात आलं होतं. शाळा पावणेदोन किलोमीटरवर, त्याच पांदणीनं. पाच आयोजक, पाचही पुरुष, आणि पाचांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की पावसात ते अंतर कोण चालणार. दुपारी चारपर्यंत मी पाण्याचा घोट घेतला नव्हता. शेवटी वावराच्या मालकांच्या घरच्या काकू आल्या, त्यांनी आमच्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "चाला माह्यासंगं." त्यांचं घर धुऱ्याधुऱ्यानं गेलं तर जवळ होतं, ते आयोजकांच्या लक्षातच आलं नव्हतं! न्हाणीत गरम पाणी, कोरडे टॉवेल, मग चहा. काहीही न विचारता.

जाता जाता, त्याच काकू परत आमच्याबरोबर ऐकायला आल्या. नागपूरचा दुसरा बँड चालू होता. गायक केस मोकळे सोडून मान गरागरा फिरवत होता, समोरची पंधरा-वीस पोरंही तशीच. काकूंनी माझा हात धरला आणि हळूच विचारलं, "वो बाई, कोणाच्या अंगात आलं?" मी म्हटलं सगळ्यांच्याच. त्यांनी मान डोलावली. त्यांना त्यात काही विचित्र वाटलं नाही, एवढंच की एकदम इतक्या जणांच्या अंगात आलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं.

नंतर त्या गायकाचा आवाज बसला तर काकूंनी मीठ-मिरच्यांनी त्याची दृष्ट काढली. तो बिचारा तर्जनी आणि करंगळी अशी दोन बोटं वर केलेली खूण करत उभा. गंमत म्हणजे ती खूण ज्यानं मेटलमध्ये रुळवली त्या रॉनी जेम्स डिओनं सांगून ठेवलं आहे की ती त्याच्या इटालियन आजीची, वाईट नजर लागू नये म्हणून करायची खूण. तर दोन्ही बाजूंनी एकच काम चाललं होतं.

धुऱ्यावरचा

@काळी_मांजर, बाथरूमचं पूर्ण मान्य. सबब नाही. काकू म्हणजे माझी मामी, आणि तिनं रात्री मला जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

फेजन्यूट्रल

यवतमाळहून. मी लाइनीवर काम करतो, म्हणून सगळे नाचाबद्दल बोलत असताना मला घाम फुटलाय. ओला ओटा, जनरेटर, गळकं टिन, आणि अनवाणी माणसं धातूच्या तारा हातात धरून लोखंडी माइकला ओठ लावून उभी. अर्थिंग कोणी बघितलं होतं?

1972 साली स्वानसीला स्टोन द क्रोज नावाच्या बँडचा गिटारवाला लेस हार्वी भर कार्यक्रमात गेला. अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागला, दुसरा हात गिटारवर. आणि ते तर बंद सभागृह होतं, वर पाऊस नव्हता.

काळी माती ओली असली की अर्थिंगला फार चांगली, करंट पटकन ओढून घेते. उन्हाळ्यात तीच माती आकसून रॉडपासून सुटते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. म्हणजे तुमच्या जुलैचा एवढा एक फायदा होता. पण त्यासाठी रॉड ठोकलेला असावा लागतो. बहुतेक भाड्याच्या जनरेटरची अर्थिंगची वायर गुंडाळून वरच ठेवलेली असते. आणि 30 मिलीअँपिअरला तुटणारा ब्रेकर बोर्डात नसेल तर गिटार हातात घ्यायचीच नाही, बँड कितीही मोठा असो.

धुऱ्यावरचा

वायर गुंडाळून वरच होती.

खरं लिहितो. साउंड चेकला अमरावतीच्या गायकाच्या ओठाला झिणझिण्या आल्या. तो हसला, म्हणाला माइक चावतो. पुण्याच्या बँडचा ड्रमर हसला नाही. त्यानं सगळं बंद करायला लावलं, गावातून वायरमनला बोलावलं, रॉड ठोकला, ब्रेकर बसवला, ओट्यावर कोरड्या फळ्या टाकल्या आणि त्यावर रबराची मॅट. दीड तास गेला. म्हणूनच सुरुवात तीनला झाली, नाहीतर दीडला होणार होती. तेव्हा आम्ही सगळे त्याच्यावर वैतागलो होतो.

फेजन्यूट्रल

त्या ड्रमरला माझ्याकडून तर्री-पोहे. यवतमाळला आला तर सांगा. आणि विजेचं? कडकडाट होता का? दामिनी अ‍ॅप तरी ठेवत जा फोनमध्ये. वावरात दर पावसाळ्यात माणसं जातात वीज पडून, आपल्याला काय नवीन आहे. 

एल्बकाठचा (6 ऑगस्ट)

हॅम्बुर्गहून लिहितोय, मूळ पुसदचा. धागा एका दमात वाचला.

विजेवरून आठवलं. जर्मनीतच मेंडिगला रॉक आम रिंग हा संगीत महोत्सव भरायचा तेव्हा 2015 मध्ये वीज पडून तेहेतीस माणसं जखमी झाली, आणि पुढच्या वर्षी पुन्हा, तेव्हा ऐंशीच्या आसपास. दुसऱ्या वर्षी कार्यक्रम मध्येच गुंडाळावा लागला. त्यामुळे फेजन्यूट्रल यांच्या काळजीला माझा +१.

पण मला वाकेनच्या मेटल महोत्सवाबद्दल लिहायचंय, कारण 2023 ला मी तिथं होतो आणि तुमचं वर्णन वाचून चिखलाचा वास आला.

वाकेन हे आपल्या आर्वीपेक्षा कितीतरी लहान गाव. वस्ती दोन हजारांच्या आत-बाहेर. 1990 मध्ये गावातल्या थॉमस येन्सन आणि होल्गर ह्युबनर या दोन तरुणांनी सहा बँड घेऊन तिथल्या एका खाणीच्या खड्ड्यात कार्यक्रम केला, आठशेएक लोक आले. आज 85,000 तिकिटं जातात. जागा मात्र अजून गावातल्या शेतकऱ्यांचीच, एरवी जिथं गाई चरतात ती कुरणं. गावच्या अग्निशमन दलाचा बँड आधी वाजवतो, पितळी वाद्यं घेऊन, आणि काळे टीशर्ट घातलेली जनता त्यावर नाचते. आपल्याकडचा लग्नाचा बँड समजा. आपल्याकडचेही तिथं पोचलेत बरं का. मुंबईचे डेमॉनिक रेझरेक्शन 2014 ला, आणि दिल्लीचे ब्लडीवुड 2019 ला.

2023 ला आठवडाभर आधीपासून पाऊस. गाड्या उभ्या करायच्या कुरणांचा पार चिखल झाला. ज्यांचं ब्रीद "रेन ऑर शाइन", म्हणजे पाऊस असो की ऊन, त्यांनाच जाहीर करावं लागलं की आता आणखी कोणी येऊ नका. हजारो लोक अर्ध्या वाटेवरून परत गेले, तिकिटाचे पैसे मिळाले. मी एक दिवस आधी पोचलो होतो म्हणून आत. माझी गाडी ट्रॅक्टरनं ओढून आत नेली, ट्रॅक्टरनंच ओढून बाहेर काढली. तिथल्या चिखलात मात्र बूट राहत नाही, नुसता घसरतो. आपली माती वेगळी. ती पकडून ठेवते.

एक गोष्ट आयोजकांनी लक्षात घेण्यासारखी. 2017 मध्ये त्यांनी जमिनीखालून बिअरची पाइपलाइन टाकली, सातेक किलोमीटर. सगळ्या जगानं हसून बातमी छापली. पण त्यामागचं एक कारण हे होतं की टाक्या वाहणाऱ्या जड गाड्यांनी जमीन उकरली जाते.

वऱ्हाडी_ठेचा

जमिनीखालून बिअर! आन् आमच्या वावरात जमिनीखालून पानी पन नाही येत. तीनशे फुटावर बोअर कोरडा.

गुरुकुंजी

मी मोझरीकडचा, निवृत्त शिक्षक. नातवानं धागा वाचायला दिला. स्पष्ट लिहितो, राग मानू नये. याला संगीत म्हणवत नाही. माणूस ओरडतो कशासाठी? आमच्याकडे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी एका खंजिरीवर गावंच्या गावं जागी केली. कोणाला अंगठ्याएवढा आवाज चढवावा लागला नाही.

धुऱ्यावरचा

सर, नमस्कार. राग कसला. आवडावं असा आग्रह नाहीच. पण ओरडतो कशासाठी, याचं एक उत्तर देऊन बघतो.

बर्मिंगहॅम हे कारखान्यांचं शहर. तिथला टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात होता. नोकरीचा शेवटचा दिवस, मशीनमध्ये उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. त्यानं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली. पुढे ताठ तारा दुखायच्या म्हणून त्या सैल केल्या. तारा सैल झाल्या की सूर खाली जातो, जड होतो. ब्लॅक सॅबथचा तो दाट, खर्जातला आवाज बराचसा तिथून आला आहे. 1968 ची मंडळी. नंतर जे कोणी हे वाजवतात त्यातले बरेच त्याच खर्जात उतरतात, बोटं शाबूत असली तरी.

गुरुकुंजी (9 ऑगस्ट)

दोन दिवस उत्तर दिलं नाही. 1968 च्या ऑक्टोबरात राष्ट्रसंत गेले, मी तेव्हा सहावीत होतो, शाळा सुटली आणि आम्ही मोझरीला चालत गेलो. म्हणून ते साल वाचून थांबलो.

माझ्या धाकट्या भावाची तीन बोटं कुट्टीच्या मशीनमध्ये गेली. तो भजनात खंजिरी वाजवायचा. नंतर त्यानं ती डाव्या हातात घेऊन मनगटानं वाजवायला सुरुवात केली. थाप वेगळी पडायची, जरा जाड. आम्ही त्याला हसायचो. या गोष्टीचा मी कधी असा विचार केला नव्हता.

गाणं नातवानं ऐकवलं. पाऊस आणि घंटा आवडली. पुढचं नाही.

काळी_मांजर

सर, 🙏

वाफसा_आला_का (10 ऑगस्ट)

नवीन खातं काढलं. ज्याचं वावर ते मीच, धागाकर्त्याचा मामेभाऊ. आतापर्यंत वाचत होतो. एल्बकाठचा यांनी बिअरच्या पाइपाचं लिहिलं म्हणून लिहावंसं वाटलं, कारण इतक्या प्रतिसादांत जमिनीबद्दल तेवढं एकच वाक्य आहे.

पहिलं. त्या शुक्रवारी तुम्ही सगळे आभाळाकडे पाहून शिव्या देत होते. बाजूच्या आठ एकरात माझं सोयाबीन आहे. जूनमध्ये पेरलं, मग दोन आठवडे उघाड. पानं दुपारी माना टाकायची. दुबार पेरणीचा हिशेब मांडून बसलो होतो, बियाण्याची बॅग किती, खत किती. रात्री टिनावर थेंब वाजले तेव्हा मी उठून बाहेर गेलो आणि अंगणात भिजत उभा राहिलो. सकाळी तुमच्यात आलो तेव्हा तोंड पाडून उभा होतो, कारण तुमचा कार्यक्रम बुडत होता आणि मी हसलो असतो तर बरं दिसलं नसतं.

दुसरं. वऱ्हाडी_ठेचा भाऊनं वाफसा हा शब्द वापरला, पण कोणी विचारलं नाही म्हणजे काय. पाऊस पडल्यावर जमीन ना ओली-चिकट ना कोरडी अशी एक वेळ येते. मूठभर माती दाबली की गोळा होतो, टाकला की फुटतो. तो वाफसा. तोवर वावरात माणूस जात नाही, बैल जात नाही, वखर तर नाहीच. आपली काळी माती बेसॉल्टपासून झालेली, तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते. उन्हाळ्यात तिच्याच भेगांत हात जातो. फुगलेली असताना तिच्यावर वजन पडलं की आतली हवेची जागा चेपते, आणि वाळली की वीट होते. सव्वाशे माणसं, सहा तास, उड्या. शिवाय ट्रॅक्टर काढायला दुसरा ट्रॅक्टर. गोठ्यासमोरचा पाऊण एकर तुम्ही मळून ठेवला आहे. तिथं आजही पाणी उभं आहे, बाजूला जिरलं.

मी नाही म्हणू शकलो असतो. आत्याच्या पोराला नाही म्हणवत नाही, तेवढंच.

गाणं? अमरावतीचे चांगले वाटले. बाकीचे सारखेच वाटले.

धुऱ्यावरचा

भाऊ, हे तू मला घरी का नाही बोललास?

वाफसा_आला_का

घरी आई असते.

एल्बकाठचा

वाकेनवाले चिखलावर लाकडाचा भुसा, झाडाची साल, लोखंडी प्लेटा टाकतात. आपल्याकडे काय टाकता येईल?

वाफसा_आला_का

लोखंडी प्लेटा आणायला पुन्हा टेम्पोच लागेल, तो पांदणीत बसेल. पऱ्हाटीच्या काड्या आणि सोयाबीनचं कुटार जाड थरात टाकलं असतं तर निभलं असतं. पऱ्हाटी खाली, आडवी-उभी, वर कुटार. गोठ्यासमोर आम्ही तेच करतो. पूर्वेकडचे तणस टाकतात. मुरूम टाकू म्हणाल तर वावरात मुरूम टाकायचा नसतो, तो आयुष्यभर निघत नाही.

वऱ्हाडी_ठेचा

म्हंजे सव्वाशे लोकाईले नाचू द्याचं असन त आधी दोन एकराची पऱ्हाटी उपटून ठेवा. बरोबर हाये. पुढच्या साली मीच ठेका घेतो.

अवलिया_अकोलेकर

पुढच्या वर्षी जुलैऐवजी फेब्रुवारी करा की. पूर्व विदर्भातले झाडीपट्टीवाले दिवाळीपासून होळीपर्यंत रात्रभर नाटकं करतातच ना उघड्यावर. त्यांना कोणाला गमबूट लागत नाहीत. 

धुऱ्यावरचा

फेब्रुवारीत साउंडवाल्याचा भाव दुप्पट आणि वावरात हरभरा. पण हो, खळ्यावर होऊ शकेल. आम्ही पाचही जण परवा भेटलो. ठरलं एवढंच की बाथरूम आधी, अर्थिंग दुसरं, बँड तिसरे. आणि त्या पाऊण एकराचं काय ते आम्ही भरून देणार. भाऊ पैसे घेत नाही, म्हणून नांगरटीचं डिझेल आणि शेणखताच्या चार ट्रॉल्या ठरल्या. मामीला मध्यस्थ घातलं तेव्हा कुठं हो म्हणाला.

काकांच्या बैलांना पोळ्याला नव्या झुली आमच्याकडून. पुण्याच्या गिटारवाल्यानं स्वतःहून पैसे पाठवलेत. शिंगांना काळा रंग लावा म्हणत होता, काका म्हणाले हिंगूळच लागेल.

वाफसा_आला_का (16 नोव्हेंबर)

धागा वर काढतो. हरभरा पेरला महिना झाला. बाकी वावरात उगवण एकसारखी, गोठ्यासमोर विरळ आणि पिवळट. नांगराला तिथं ढेकळं निघाली डोक्याएवढी, वखरानं फुटली नाहीत, मजूर लावून मोगरीनं फोडली. खत टाकलं म्हणून निदान एवढं तरी उगवलं. दोन-तीन उन्हाळे तापली, भेगा पडल्या की जमीन आपली आपण सुटते. तोवर ठीक आहे.

नांगरटीत दोन मोबाइलची कव्हरं, एक साखळी आणि एक बूट निघाला. डाव्या पायाचा, नऊ नंबर, काळा. आतली माती काढली, धुतला, गोठ्याच्या टिनावर वाळत ठेवला आहे. कोणाचा आहे?

धुऱ्यावरचा

माझा. उजवा मी ऑगस्टमध्येच फेकून दिला.